३३ गोळ्यांचा हिशेब

आपल्या शाळेच्या वादविवाद मंडळात दर दोन-तीन वर्षांनी फिरून येणारा एक विषय होता: ‘निःशस्त्र नागरिकांवर लष्कराने केलेला बळाचा वापर समर्थनीय ठरू शकतो.’ स्मरणिकेत इतर मंडळी आठवणी लिहितीलच. मी या एका विषयाची तयारी कशी करावी ते लिहितो. हल्लीची मुलंही तो जुन्याच पद्धतीनं हरतात.

प्रतिकूल बाजूचा वक्ता जालियनवाला बागेपासून सुरुवात करतो, ते ठीक. पण सातपैकी पाच मिनिटं रक्ताच्या थारोळ्यात जातात आणि खंडनात समोरचा शांतपणे विचारतो, “१० एप्रिल १९१९ला अमृतसरात बँका जाळल्या, पाच युरोपीय मारले गेले, त्याचं काय?” वक्ता गडबडतो. हे आपणच आधी सांगून टाकावं. त्या दिवशी दंगल झाली, आणि तिच्याआधी रेल्वे पुलापाशी जमावावर गोळीबारही झाला होता. पण वाद १३ तारखेचा आहे, आणि त्या दिवशी बागेतला जमाव कुणावरही चालून जात नव्हता.

आता हिशेब मांडा. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या जनरल डायरकडे ५० बंदूकधारी होते, शिवाय खुकरीवाले ४० गुरखे. गोळ्या सुटल्या १६५०, म्हणजे माणशी ३३. त्या रायफलीत एका वेळी १० काडतुसं मावत. म्हणजे प्रत्येक सैनिकाला सरासरी तीनदा तरी बंदूक पुन्हा भरावी लागली. सुमारे दहा मिनिटं हे चाललं, आणि दर भरणीला थांबता येत होतं. परीक्षकांच्या डोक्यात राहतो तो हा हिशेब. मृतांचा सरकारी आकडा ३७९, काँग्रेसच्या चौकशीचा अंदाज हजाराच्या आसपास. दोन्ही सांगा. एकच सांगितलात तर दुसरा समोरून येतो.

एक नेहमीची चूक म्हणजे ‘तेव्हा मार्शल लॉ होता’ हे वाक्य. अमृतसरात तो रीतसर लागू झाला १५ एप्रिलला. जमावबंदीची दवंडी १३ला सकाळी फिरली खरी, पण शहराच्या बऱ्याच भागांत पोचलीच नाही. बागेत डायरने इशारा न देता गोळीबार सुरू केला. जिल्हाधिकारी सोबत नव्हता.

डायरची साक्ष हे सगळ्यात मोठं हत्यार. या घटनेची चौकशी करणाऱ्या सरकारी हंटर समितीत मुंबईचे वकील चिमणलाल सेटलवाड यांनी त्याला विचारलं, की चिलखती गाड्या आत नेता आल्या असत्या तर मशीनगन चालवल्या असत्या का? बहुधा हो, असं तो म्हणाला. बोळ अरुंद म्हणून गाड्या बाहेर राहिल्या, एवढंच. गोळी न झाडताही जमाव पांगवता आला असता, हेही त्यानं कबूल केलं. पांगवणं हा हेतू नव्हता, पंजाबवर वचक बसवायचा होता. पांगवणं आणि शिक्षा देणं यांतला हा फरक धरून ठेवा, भाषण त्यावरच उभं राहतं.

अनुकूल बाजूनं डायरचा बचाव करायला जाऊच नये. तिची जागा कायद्यात आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४९नुसार दंडाधिकारी सैन्य बोलावू शकतो, पण जमाव पांगवायला लागेल तेवढंच, कमीत कमी बळ वापरायचं. इथे ‘समर्थनीय’ला मोजमाप मिळतं: आदेश कुणाचा, इशारा दिला का, पळायला वाट होती का, थांबले कधी, जखमींना कुणी उचललं? डायरने जखमींकडे पाहिलंही नाही.

हुतात्मा चौकाचं उदाहरण मुलं हमखास देतात. तो गोळीबार पोलिसांचा, या विषयात तो बसत नाही. त्यापेक्षा २३ एप्रिल १९३०चं पेशावर घ्या. तिथे चंद्रसिंग गढवालींच्या पलटणीतल्या जवानांनी निःशस्त्र पठाणांवर गोळी झाडायला नकार दिला आणि कोर्ट मार्शल पत्करलं. ‘सैनिकाला पर्यायच नसतो’ या मुद्द्याला याहून चांगलं उत्तर माझ्या पाहण्यात नाही.

शेवटी एक आकडा, जो चिठ्ठीवर नेहमी उलटा लिहिला जातो. जुलै १९२०मध्ये ब्रिटिश संसदेत डायर प्रकरणावर मतदान झालं. कॉमन्स सभागृहात त्याची बाजू १२९ विरुद्ध २३०नी हरली. लॉर्ड्स सभागृहात ती जिंकली, १२९ विरुद्ध ८६नी. दोन्हीकडे १२९ डायरच्याच बाजूचे.