निळ्या गाडीवरचे फराटे

गडद निळी गाडी घेऊ नये. घेतलीच तर स्वतः धुऊ नये. आणि धुतलीच तर दुपारी चारच्या उन्हात तिच्याकडे वाकून बघू नये. गेल्या शनिवारी ही तिन्ही पथ्यं मी एका दमात मोडली आणि ओला पंचा हातात धरून ड्राइव्हवेवर उभा राहिलो. बॉनेटवर फराटे. पुसले तर आडव्यांचे उभे झाले. पुन्हा पुसले तर उभ्यांचे तिरके. बायको दारातून म्हणाली, "अहो, गाडी आहे ती, तांब्याचं घंगाळ नाही. चहा घ्या आता."

(होय, पंचाच. हंट्सव्हिलच्या दुकानात गाडी पुसायची सतरा प्रकारची फडकी मिळतात. सगळी आणून पाहिली. पंच्याची सर एकालाही नाही, आणि यावर मी वाद घालणार नाही.)

गाडी निळी का, तर आम्ही ऑबर्नचे. २००९ साली अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात राहायला आलो तेव्हा पहिल्या आठवड्यात चार जणांनी एकच प्रश्न विचारला, अलाबामा की ऑबर्न? मला वाटलं गावांबद्दल विचारतायत. ती कुळं निघाली. एकाच राज्यातली दोन विद्यापीठं, त्यांचे अमेरिकन फुटबॉलचे दोन संघ, आणि वर्षातून एकदा त्यांची गाठ, तिचं नाव आयर्न बोल. "मला यातलं काही कळत नाही" हे उत्तर चालत नाही. मग मी साधा हिशेब केला. ज्याने मला विमानतळावरून घरी आणलं आणि पहिल्या रात्री घरचा जेवणाचा डबा दिला, तो ऑफिसातला माणूस ऑबर्नचा होता. खाल्ल्या मिठाला जागायचं म्हणून आपणही ऑबर्नचे. त्यांचे रंग गडद निळा आणि केशरी. केशरी गाडी घ्यायला बायकोने नकार दिला.

तर फराट्यांशी झटताना एकदम आठवलं, की या रंगाचा धसका घेतलेला आणखी एक माणूस आहे, आणि तो नेमका आमच्या शत्रुपक्षाचा सेनापती. निक सेबन, सतरा वर्षं अलाबामाच्या संघाचा प्रशिक्षक. वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळशाच्या खाणींच्या मुलखात त्याच्या वडिलांचा पेट्रोल पंप होता. अकरा वर्षांचा असल्यापासून हा तिथे कामाला. पेट्रोल भरायचं, तेल-हवा बघायची, गाड्या धुवायच्या. धुतलेल्या गाडीवर वडिलांना एक जरी फराटा दिसला तरी तेवढाच पुसून भागत नसे. अख्खी गाडी पुन्हा. म्हणून निळी किंवा काळी गाडी पंपावर वळताना दिसली की पोराच्या पोटात गोळा यायचा. हे त्याने स्वतःच अनेकदा सांगितलं आहे. म्हणजे ऑबर्नशी वैर धरायच्या चाळीसेक वर्षं आधीच ऑबर्नचा रंग या गृहस्थाच्या मनातून उतरलेला होता.

असा एक माणूस आमच्याकडे नदीपलीकडे होता.

कृष्णेच्या पलीकडच्या शाळेत खो-खोचे एक सर होते. नाव सांगत नाही. तिकडची माणसं वाचत असतात. सहावी ते नववी, चारही वर्षं तालुक्याच्या स्पर्धेत आम्ही त्यांच्याकडून हरलो, त्यातली तीन वर्षं डावाने. हरण्याचं आम्हाला एवढं नव्हतं, सवय झाली होती. पण सामना संपल्यावर आम्ही सावलीत केळी सोलत बसायचो, आणि समोर उन्हात ते सर आपल्या जिंकलेल्या पोरांना परत पाटीवर बसवायचे. कुणीतरी खो मिळाल्यावर उठताना चुकीचा पाय आधी टाकलेला असायचा. "ऊठ. बस. ऊठ." आवाज चढलेला नाही, शिवी नाही. नुसतं ऊठ आणि बस. टेबलावर ढाल ठेवलेली असायची, लाल फीत बांधलेली, आणि तिच्याकडे त्यांच्यातलं एक पोरगं ढुंकून बघत नव्हतं. आम्हाला ती ढाल नुसता हात लावायला मिळाली असती तरी आठवडाभर आम्ही तो हात धुतला नसता. आमचा बाळ्या एकदा न राहवून तोंडातल्या केळ्यासकट ओरडला, "जिंकलाय नव्हं? मग नाचा की लेको!"

त्या सरांनी वळून पाहिलं. ते बघणं मला अजून आठवतं. रागाचं नव्हतं. पाटीवर चुकीच्या जागी बसलेल्या गड्याकडे बघावं तसं होतं.

मग परतीच्या एसटीत आमचं शास्त्र सुरू व्हायचं. त्यांच्या पोरांच्या जन्मतारखा खोट्या आहेत. त्यांना सकाळी कच्ची अंडी देतात. पंच त्यांच्या पाहुण्यातला आहे. दोन पोरं तर खरी दुसऱ्याच शाळेची. यातलं काहीही कुणी पाहिलेलं नव्हतं, पण एसटी नदीच्या पुलावर येईपर्यंत सगळं सिद्ध झालेलं असायचं.

आमच्या सरांवर आमचा फार जीव. चूक झाली की ते म्हणायचे, "असू दे रे." खांबाला वळसा घालताना हात सुटला, असू दे. सूर मारायच्या ऐवजी आपटलो, असू दे. खो द्यायच्या आधीच गडी उठला, असू दे. त्यांनी आम्हाला कधी दुखावलं नाही आणि काही जिंकूही दिलं नाही. चार वर्षांत "असू दे" इतकं मुरलं की दहावीच्या गणिताच्या पेपरातही मला ते ऐकू आलं.

सेबनला टीव्हीवर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ओळखलंच, हे आपले नदीपलीकडचे सर. संघ तीस गुणांनी पुढे आहे, खेळ संपत आलाय, राखीव पोरं मैदानात आहेत, त्यातल्या एकाने उभं राहायच्या जागेत हातभर चूक केली, आणि हा कडेला कानावरचा हेडफोन उपटून असा ओरडतोय की घरावर दरोडा पडला असावा. समोर लाखभर माणसं नाचतायत. हा सोडून.

त्याच्या यशाची कारणं सांगणारे इकडे पोत्याने मिळतात. मला त्यातली एकच गोष्ट पटते. १९९८ साली तो मिशिगन स्टेटकडे होता आणि सामना होता ओहायो स्टेटशी, देशातल्या पहिल्या क्रमांकाच्या संघाशी. जिंकायची आशा नव्हती. तिथल्या एका मानसोपचारतज्ज्ञाच्या सल्ल्याने त्याने पोरांना सांगितलं की गुणफलकाकडे बघायचंच नाही. एक चाल सात सेकंदांची असते. ते सात सेकंद खेळा, विसरा, पुढचे सात. ते २८-२४ ने जिंकले. (आता कुणीतरी गीतेचा दुसरा अध्याय काढणार. काढू नका. मलाही येतो.) पुढे आयुष्यभर त्याने तेवढंच केलं. २००७ मध्ये अलाबामाला आला, त्या पहिल्या वर्षी लुईझियाना-मनरो नावाच्या, कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या संघाकडून घरच्या मैदानावर २१-१४ असा हरला. आमच्या लोकांनी तेव्हा काय आनंद केला म्हणे! आणि मग २००९, २०११, २०१२, २०१५, २०१७, २०२०. सहा राष्ट्रीय विजेतेपदं. त्याआधीचं एलएसयूचं, म्हणजे लुईझियाना स्टेट विद्यापीठाचं, धरून सात. ज्या बेअर ब्रायंट या जुन्या प्रशिक्षकाचं नाव तिथल्या स्टेडियमला आहे, ज्याला तिकडे जवळजवळ देव मानतात, त्याची सहा.

सकाळी काय खायचं याचाही तो विचार करत नसे म्हणतात. रोज कॉफी आणि लिटल डेबीची ओटमीलची दोन क्रीम-बिस्किटं, दुपारी रोज तेच सॅलड. हे मी बायकोला मोठ्या आदराने वाचून दाखवलं होतं. "आज भाजी कोणती?" या प्रश्नावर एका आयुष्यात किती तास जात असतील, असा माझा मुद्दा होता. ती म्हणाली, बरं, मग उद्यापासून रोज पडवळ.

आणि लोक त्याचा दुस्वास का करतात? एलएसयूवाल्यांनी त्याच्या आडनावातलं एक अक्षर बदलून सरळ सैतान केला, कारण त्यांना विजेता करून हा गडी गेला आणि शेवटी बसला कुठे, तर शेजाऱ्याच्या ओसरीवर. मायामीचे लोक चिडले, कारण त्यांच्या संघाचा प्रशिक्षक असताना २००६ च्या डिसेंबरात "मी अलाबामाला जाणार नाही" असं कॅमेऱ्यासमोर बजावून हा दोन आठवड्यांत अलाबामाला गेला. ही कारणं खरीच आहेत. पण माझ्या ओळखीतल्या ऑबर्नवाल्यांना यातलं काही बोचत नाही. त्यांचं दुःख बाळ्याचं आहे. हा माणूस जिंकतो आणि नाचत नाही. आम्ही ज्याच्यासाठी झुरतो ती ढाल याच्या टेबलावर धूळ खात पडलेली, आणि हा कुणाच्या तरी पायाकडे बघतोय.

म्हणूनच २०१३ चा आयर्न बोल मी मरेपर्यंत सांगत राहणार. ३० नोव्हेंबर. विमानतळवाल्या मित्राकडे जमलो होतो, मी दिवाळीचा उरलेला चिवडा नेला होता आणि एव्हाना सगळ्या खोलीला त्याची चटक लागली होती. २८-२८. घड्याळ शून्यावर आलं. आता जादा खेळ, म्हणून माणसं उठून बाथरूमकडे निघाली. तेवढ्यात सेबन पंचांकडे गेला. त्याचं म्हणणं, त्याचा गडी रेषेबाहेर गेला तेव्हा एक सेकंद शिल्लक होता. पंचांनी चित्रफीत पाहिली. होता. तो एक सेकंद त्याला परत मिळाला. त्या सेकंदात त्याने लांबून चेंडू मारायला लावला, तो आखूड पडला, आणि मागे उभ्या असलेल्या आमच्या क्रिस डेव्हिसने झेलून मैदानाच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत पळवत नेला. ३४-२८. खोलीभर चिवडा झाला. त्या घरच्या सोफ्यातून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत शेंगदाणे निघत होते.

नंतर कितीतरी दिवस मी त्या सेकंदाचा विचार करत होतो. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, असू दे रे. आणि कदाचित जिंकला असता.

द्वेष माणसाला कुठवर नेतो तेही इथे पाहिलं. ऑबर्नच्या चौकात दोन ओकची झाडं होती. जिंकलं की लोक त्यांच्यावर टॉयलेट पेपरच्या गुंडाळ्या फेकायचे, पांढऱ्या झिरमिळ्या लोंबायच्या. २०१० मध्ये २४-० ने मागे पडूनही ऑबर्न २८-२७ असं जिंकलं, आणि अलाबामाच्या एका चाहत्याने त्या झाडांच्या मुळाशी विष ओतलं, वर रेडिओवर फोन करून ते सांगितलं. २०१३ मध्ये झाडं तोडावी लागली. यावर मला विनोद सुचत नाही.

त्यापेक्षा टेनेसीवाले बरे. सेबनपुढे सलग पंधरा वर्षं हरले. २०२२ च्या ऑक्टोबरात शेवटच्या चेंडूवर ५२-४९ असे जिंकले, तर लोकांनी मैदानात घुसून गोलचे खांब उपटले, गावातून मिरवत नेले आणि टेनेसी नदीत विसर्जन केलं. विद्यापीठाला एक लाख डॉलर दंड झाला. तीच नदी पुढे आमच्या हंट्सव्हिलच्या दक्षिणेने वाहते. त्या आठवड्यात मी दोनदा पुलावर जाऊन उगाच खाली बघून आलो.

१० जानेवारी २०२४ ला तो निवृत्त झाला. त्याच्या सतरा वर्षांत आम्ही पाचदा जिंकलो. शेवटच्या वर्षी चौथा आणि अखेरचा प्रयत्न, एकतीस यार्ड जायचे बाकी, आणि अर्ध्या मिनिटावर खेळ आलेला असताना त्याच्या पोरांनी आमच्याच मैदानात आमच्या तोंडचा घास काढला. निवृत्तीची बातमी आली तेव्हा मित्राचा फोन आला. दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. मग तो म्हणाला, तुझ्याकडे तो चिवडा आहे का?

शनिवारी चहा गार झाला. ऊन उतरलं तसे फराटे जास्तच दिसायला लागले. सेबनचे वडील १९७३ मध्ये गेले, छेचाळिसाव्या वर्षी, हृदयविकाराने. मुलगा नुकताच प्रशिक्षकांच्या हाताखाली शिकाऊ म्हणून लागला होता. एकही ढाल त्यांनी पाहिली नाही. गाडी तपासायला येणारं माणूस गेलं, आणि हा पुढची पन्नास वर्षं ती पुन्हा धुतच राहिला.

पंचा पिळून वाळत घातला. गाडी गॅरेजमध्ये घेतली, दिवा न लावता.