आशाबाईंचे नाव आणि पहिला क्रमांक

लंडनमधील ज्या रेकॉर्डच्या दुकानात मी सिंगल्सच्या, म्हणजे एकेका गाण्यासाठी काढलेल्या रेकॉर्ड-सीडींच्या, काउंटरवर काम करत असे, तेथे आठवड्यातील सर्वांत धावपळीचा दिवस सोमवार होता. नवी सिंगल्स त्या काळी ब्रिटनमध्ये सोमवारी विक्रीला येत, आणि पहिल्याच आठवड्यात ती विक्रीच्या क्रमवारीत किती वर चढतात यावर त्यांचे बरेचसे भवितव्य ठरत असल्यामुळे कंपन्या पहिले काही दिवस सीडी १.९९ पौंडांना विकू देत. पुढे किंमत जवळपास दुप्पट होई. दुकानातील प्रत्येक विक्री बारकोडवरून नोंदली जाई आणि देशभरातील अशा नोंदींवरूनच ही क्रमवारी, म्हणजे चार्ट, तयार होई. म्हणून आमच्या व्यवस्थापकांचा एक दंडक होता: गिऱ्हाइकाने एकाच गाण्याच्या दोन सीडी घेतल्या तरी दोन्ही वेगवेगळ्या स्कॅन करायच्या, हाताने आकडा टाकायचा नाही.

१६ फेब्रुवारी १९९८ च्या सोमवारी खोक्यांतून निघाले ते कॉर्नरशॉपचे 'ब्रिमफुल ऑफ आशा'. हे गाणे नवे नव्हते. लेस्टरमध्ये सुरू झालेल्या या बँडने ते आदल्या ऑगस्टमध्ये काढले होते आणि चार्टवर ते ६० व्या क्रमांकापुढे सरकले नव्हते. रेडिओवरील निवेदक जॉन पील यांच्या श्रोत्यांनी मात्र १९९७ च्या अखेरीस त्यालाच पहिली पसंती दिली होती. आता 'फॅटबॉय स्लिम' या नावाने ओळखले जाणारे डीजे नॉर्मन कुक यांनी त्याचा वेग वाढवून, सूर चढवून आणि खाली दणदणीत ठेका घालून जे रूप तयार केले होते, ते घेण्यासाठी शाळकरी मुलांपासून कार्यालयीन पोशाखातील माणसांपर्यंत सगळे रांगेत होते.

त्या रांगेत मला नवल वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. तजिंदर सिंग यांनी आशा भोसले यांच्यावरील प्रेमातून लिहिलेल्या या गाण्यात लताबाईंचे आणि रफीसाहेबांचेही नाव येते. आमच्या घरी रेडिओवर सकाळ-संध्याकाळ ऐकलेली ही नावे दुकानाच्या स्पीकरवरून दिवसभर घुमत होती आणि घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्यांचा पत्ताच नव्हता. गणवेशातील एका मुलाने पैसे मोजता मोजता विचारले, "ही आशा कोण?"

"हिंदी सिनेमातल्या गायिका. पडद्यावर नटी ओठ हलवते, आवाज यांचा असतो."

"म्हणजे अशी बाई खरोखर आहे?"

"आहे तर! आणि अजून गातात."

त्याने सीडी उलटून पाहिली, बहुधा त्यांचा फोटो असेल या अपेक्षेने, आणि सुटे पैसे खिशात टाकून तो निघून गेला. दुपारी एक पंजाबी आजोबा आले. त्यांनी गाणे ऐकायची इच्छासुद्धा दाखवली नाही. नातवाने सांगितले म्हणून आलो, नाव आशाजींचे आहे ना, एवढीच खात्री करून त्यांनी दोन प्रती घेतल्या. मी त्या दोन्ही नियमाप्रमाणे स्वतंत्र स्कॅन केल्या, आणि त्या दिवशी तो नियम मला मुळीच जाचक वाटला नाही.

समोर आव्हान साधे नव्हते. 'टायटॅनिक'मधील सेलिन डिऑन यांचे गाणे नुकतेच पहिल्या क्रमांकावर आले होते आणि त्याचीही विक्री ओसरण्याचे चिन्ह नव्हते. रविवारी, २२ तारखेला, दुकान बंद करून आम्ही गल्ल्याचा हिशेब जुळवत असताना रेडिओ वनवर चार्ट चालू होता. सातच्या सुमारास पहिला क्रमांक जाहीर झाला आणि तो कॉर्नरशॉपचा होता. माझा एक सहकारी, जो त्या आठवड्यात हे गाणे ऐकून ऐकून कंटाळला होता, हात जोडून म्हणाला, "आता तरी बंद करा!"

हा मान आठवडाभरच टिकला. पुढच्या रविवारी मॅडोनाचे 'फ्रोझन' वर आले आणि त्यानंतर 'टायटॅनिक'चे गाणे पुन्हा परतले. मला स्वतःला विचाराल तर मूळ, संथ चालीचे गाणेच अधिक आवडते. त्यातील गिटारचा साधेपणा आणि सिंग यांचा काहीसा आळसावलेला आवाज रिमिक्सच्या दणदणाटात हरवतो. पण हेही खरे की त्या दणदणाटावाचून ते ६० व्या क्रमांकावरच राहिले असते. नंतरच्या आठवड्यांत कोणी "तेच, पण हळू वाजणारे" असे मागत आले की मी त्यांना त्या बँडच्या अल्बमच्या खणाकडे पाठवत असे, आणि असे विचारणारे गिऱ्हाईक, माझ्या अपेक्षेपेक्षा, बरेच निघाले.