चाकणची पहिली शिफ्ट
आज सकाळी पुण्याजवळच्या चाकण या कारखान्यांच्या गावात, तळेगाव चौकात, कंपन्यांच्या बस पिंपरी-भोसरीकडून माणसं भरून येत होत्या आणि खेड तालुक्यातली पोरं दुचाकीवर उलट भोसरीकडे निघाली होती. जाणारे आणि येणारे वेगळेच मोजायला हवेत. येणाऱ्यांतून जाणाऱ्यांची नुसती वजाबाकी केली की निम्मी गर्दी कागदावरून गायब होते.

२०११ च्या जनगणनेत कामाच्या जागेचं अंतर आणि प्रवासाचं साधन विचारलं होतं. त्यातून अंतर कळतं, दिशा नाही. शिवाय ते फक्त 'इतर कामगारां'ना, म्हणजे शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगातले सोडून बाकीच्यांना विचारलं, शेतमजुरांना नाही. कांदा काढणीला पिकअपमध्ये दाटीवाटीनं उभ्या राहून परगावी जाणाऱ्या बायका त्या तक्त्यात नाहीतच. मला हे फार खुपतं. पुढच्या गणनेत मुक्कामाचं गाव आणि कामाचं गाव, दोन्ही सगळ्यांनाच विचारा.