तुम्ही विचारलंत म्हणून: बफर परत परत का वापरायचा?

मी नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर लिहिते हे कळल्यावर ॲप्लिकेशन लिहिणारे सहकारी हमखास विचारतात, की मेमरी इतकी स्वस्त असताना पॅकेटचा बफर (आलेले पॅकेट ठेवायची मेमरीतली जागा) पुन्हा वापरण्याचा खटाटोप कशासाठी? नवा मागून घ्यावा, काम झाले की सोडून द्यावा.

प्रश्न जागेचा नाही, वेळेचा आहे. १० गिगाबिट इथरनेटवर ६४ बाइटांच्या, म्हणजे सर्वांत लहान, फ्रेम सलग येऊ लागल्या, तर प्रीअँबल (फ्रेमच्या आधी येणारे ठरावीक बाइट) आणि दोन फ्रेममधले सक्तीचे अंतर धरून प्रत्येकीला ८४ बाइटांइतका वेळ लागतो; म्हणजे सेकंदाला सुमारे १ कोटी ४८ लाख पॅकेट आणि प्रत्येकाच्या वाट्याला ६७.२ नॅनोसेकंद. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर हे जेमतेम २०० क्लॉक सायकल होतात. तेवढ्यात कर्नलकडे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे) पेज, म्हणजे मेमरीचा ठरावीक तुकडा, मागणे, कार्डाला त्यात थेट लिहिता यावे म्हणून ते डीएमएसाठी (प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीत लिहिण्यासाठी) मॅप करणे, नंतर मॅपिंग काढून पेज परत करणे, आणि शिवाय पॅकेटकडेही पाहणे, हे बसत नाही. आयओएमएमयू (कार्डाला मेमरीचा कोणता भाग वापरता येईल हे ठरवणारे हार्डवेअर) चालू असेल तर मॅपिंग काढणे आणखी महाग पडते. तेच पेज मॅपिंगसकट पुन्हा रिंगमध्ये, म्हणजे कार्डाला दिलेल्या बफरांच्या चक्राकार यादीत, ठेवले, तर यातले बहुतेक काम करावेच लागत नाही.

खरी अडचण पुढे आहे: बफर मोकळा झाला, हे ठरवायचे कोणी? ड्रायव्हरने वर दिलेले पॅकेट सॉकेटच्या (प्रोग्रॅमच्या नेटवर्क-जोडणीच्या) रांगेत कोणी वाचेपर्यंत पडून राहते, किंवा दुसऱ्या कार्डाकडे पाठवण्यासाठी थांबलेले असते. पंगतीत माणूस जेवत असताना त्याच्यापुढचे ताट उचलावे, तशी चूक मी सुरुवातीच्या काळात केली आहे. ४०९६ बाइटांच्या पेजचे दोन अर्धे करून आलटून पालटून वापरायची रीत इंटेलच्या ड्रायव्हरांमुळे परिचित होती. पहिल्या अर्ध्याकडे परत येताना पेजचा रेफरन्स काउंट (ते अजून किती जण वापरत आहेत तो आकडा) तपासायचा, ते एका वाटेवर माझ्याकडून राहिले. वाचणारा प्रोग्रॅम चपळ असेपर्यंत काहीच बिघडले नाही. तो मंदावला, तेव्हा न वाचलेल्या डेटावर कार्डाने नवे पॅकेट लिहिले, आणि चेकसम (डेटा बिघडला का हे ओळखायचा आकडा) कार्डाने आधीच तपासलेला असल्यामुळे टीसीपीने चकार शब्द काढला नाही. फाइल मात्र बिघडली.

म्हणून हा हिशेब प्रत्येक ड्रायव्हरने स्वतः ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे. लिनक्समध्ये २०१८ साली ४.१८ या आवृत्तीत पेज पूल, म्हणजे पेजेस सांभाळून पुन्हा वापरायला देणारी सामाईक यंत्रणा, आला. साधारणपणे प्रत्येक रिसीव्ह रांगेला स्वतःचा पूल असतो, त्यातला जलद साठा त्या रांगेच्या नापी संदर्भातूनच (आलेली पॅकेट गटागटाने उचलणाऱ्या कर्नलच्या कामातूनच) हाताळला जात असल्याने तिथे लॉक लागत नाही, आणि दुसऱ्या सीपीयूवरून परतणारी पेजेस वेगळ्या रिंगमधून येतात. आरंभी हे एक्सडीपीसाठी (पॅकेट ड्रायव्हरमध्येच हाताळणाऱ्या जलद मार्गासाठी) होते. २०२१ साली, ५.१४ पासून, नेहमीच्या एसकेबींनाही (कर्नलमध्ये पॅकेट वाहून नेणाऱ्या रचनांनाही) खूण करून त्यांची पेजेस पूलकडे परत आणता येऊ लागली.

ड्रायव्हर काढून टाकला तरी वर गेलेले शेवटचे पेज परतेपर्यंत पूल नष्ट करता येत नाही. एखाद्या विसरलेल्या सॉकेटने ते धरून ठेवले असेल, तर पूल बंद होणे अडल्याची तक्रार कर्नल लॉगमध्ये पुन्हा पुन्हा लिहीत राहतो, आणि ते सॉकेट कोणाचे, हे शोधण्यात माझी दुपार जाते.