गोपुरीचं गीताई मंदिर: वाचत फिरायची बाग

वर्ध्याला जाणारे बहुतेक जण सेवाग्राम आणि पवनार करून परततात. त्याच फेरीत गोपुरीच्या गीताई मंदिरासाठी निवांत दोन तास ठेवा, ही माझी कळकळीची विनंती.

नावात मंदिर असलं तरी इथे ना मूर्ती, ना छप्पर. मधे बाग आणि तिच्याभोवती ओळीनं उभ्या ग्रॅनाइटच्या शिळा. त्यांवर विनोबांच्या गीताईचे अठराही अध्याय कोरलेले आहेत. आईला संस्कृत गीता कळत नव्हती, म्हणून १९३०-३१ मध्ये विनोबांनी ती मराठीत आणली. १९८० मध्ये इथलं उद्घाटनही त्यांच्याच हातून झालं.

जागा उद्योगपती जमनालाल बजाजांच्या स्मृतीची. असहकाराच्या काळात रायबहादूर ही पदवी परत करणारा, १९२८ मध्ये वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर दलितांना खुलं करणारा आणि गांधीजींना वर्ध्याकडे ओढून आणणारा हा माणूस. शेवटचे दिवस त्यांनी गोपुरीतच गोसेवेत घालवले. ११ फेब्रुवारी १९४२ ला गेले. एवढ्या श्रीमंताच्या स्मारकात त्यांचा गाजावाजा जवळपास नाहीच. मला हेच सगळ्यात भावलं.

दुसऱ्या अध्यायापाशी नऊवारीतल्या एक आजी उभ्या होत्या. बोट अक्षरांवरून फिरत होतं, पण नजर शिळेवर नव्हतीच. स्थितप्रज्ञाची लक्षणं त्यांना तोंडपाठ. मी थबकलो तशा म्हणाल्या, "शाळेत रोज म्हनत होतो न बापा आमी." मग मीही त्यांच्यामागे म्हणू लागलो. घाईनं फोटो काढून निघालात तर इथलं काहीच हाती लागणार नाही. एक अध्याय निवडा आणि मोठ्यानं वाचा. लहान मुलं सोबत असतील तर त्यांनाच वाचायला लावा, सोपं मराठी आहे.

डोक्यावर छप्पर नसल्यानं ऊन थेट लागतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. वर्ध्याचा उन्हाळा तर विचारूच नका. टोपी आणि पाणी घेऊन सकाळीच पोचा. जवळचा विश्वशांती स्तूपही पायी होतो.

नागपूरहून अंतर साधारण ७५ किलोमीटर, एसटी आणि रेल्वे दोन्ही आहेत. गीताई मंदिर सकाळी, मग पवनारला धाम नदीकाठचा विनोबांचा आश्रम आणि संध्याकाळी सेवाग्रामची प्रार्थना, असा क्रम लावा. गावात गोरसपाक मिळतो, गायीच्या तुपातला बिस्किटासारखा खाऊ. दोन पाकिटं जास्तच घ्या, एक गाडीतच संपतं.