निळा कप

पुतणी पुढच्या महिन्यात विमान चालवायला शिकायला जातेय. काल जेवताना तिनं विचारलं, "काका, तुम्हाला कधी भीती वाटली होती?" तेव्हा अर्धंच सांगितलं. पूर्ण इथं लिहितो.

ऑगस्ट महिना होता. रात्रभर धो धो पाऊस पडून सकाळी नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर लख्ख आभाळ निघालं होतं. मी तेव्हा विमान चालवायला शिकत होतो. आमचं शिकायचं छोटं विमान, सेस्ना 152, रात्रभर उघड्यावरच उभं. उड्डाणाआधी दोन्ही टाक्यांच्या तळातून थोडं पेट्रोल पारदर्शक कपात काढून बघायचं असतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते खाली बसतं आणि मधे रेघ दिसते. मी कप वर धरला. रेघ नाही, कचरा नाही. विमानाचं 100 एलएल पेट्रोल निळसरच असतं, कपही निळा दिसला. ओतून दिला.

जमीन सोडली आणि 250 फुटांवर इंजिन आचके देऊ लागलं. बंद पडेना, धड चालेना. हे सगळ्यात फसवं, कारण अजून थोडं ओढेल अशी आशा सुटत नाही. माझा हात आपोआप डावीकडे वळला, मागे फिरून धावपट्टी गाठायला. शेजारून शिकवणारे सर शांतपणे म्हणाले, "नाक खाली. 60."

म्हणजे वेग 60 नॉट ठेव. इंजिनाची ओढ गेली की वेग भराभर उतरतो. त्यात विमान 45 अंश कलवून वळलं तर विमान हवेत धरून ठेवायला लागणारा किमान वेग जवळपास पाचव्या हिश्श्यानं वाढतो. पंखांनी साथ सोडली, तर एवढ्या उंचीवर सावरायला जागाच नसते. नुसतं उलट फिरूनही भागत नाही, धावपट्टीच्या रेषेत परत यावं लागतं.

सोनेगावची धावपट्टी 3,200 मीटरची. थोड्या वेळापूर्वी टॉवरनं मधूनच उड्डाण घ्यायची मुभा दिली होती, तर सरांनी नेहमीप्रमाणे नाही म्हणून अगदी टोकापासून सुरुवात करायला लावली होती. मला तो वेळेचा अपव्यय वाटला होता. नाक खाली केलं, तर समोर काळी पट्टी अजून उरलेली. तिच्यावरच उतरलो.

विमान थांबल्यावर माझे गुडघे लटपटत होते. सरांनी उजव्या टाकीतून कप भरला आणि वहीच्या कोऱ्या पानासमोर धरला. पेट्रोलचा थेंब नाही, काठोकाठ पाणी! म्हणून रेघ नव्हती. निळा रंग आभाळाचा होता. टाकीच्या झाकणाचं रबर चिरलं होतं, पाऊस तिथून झिरपला.

"तू पेट्रोल पाहून राहिला होता की आभाळ?" सर म्हणाले. मग माझ्या बोटावर थेंब टाकला. "पेट्रोल उडून जातं. हे बघ, राहिलं."

आज सकाळी ऊन पडलं तशी पुतणीला गच्चीवर नेली. माझा जुना कप नळाच्या पाण्यानं भरून तिच्या हातात दिला, वर धर म्हटलं.

"काय दिसतं?"

"निळं," ती म्हणाली.