थांबवायचं कधी?

काही वर्षांपूर्वी मी एका मुलाला अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास देायची पिशवी, दाबायला शिकवलं. वडिलांना व्हेंटिलेटरवरून काढून सासवडला न्यायचं होतं. प्राण घरात जावा, एवढीच आईची इच्छा. कागदावर ‘डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज’, आमच्या बोलण्यात डामा. “दर पाच-सहा सेकंदांनी एकदा दाबायचं,” मी म्हटलं. दिवे घाट चढून ते घरी पोचले. रात्री वॉर्डच्या फोनवर त्याचा आवाज : “सिस्टर, बोटं बधिर झालीत. थांबवू का?”

थांबवायचं कधी, हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. मीही नाही. तो फोन अजून माझ्या कानातून गेलेला नाही.

म्हणून मागच्या महिन्यातल्या अण्णांबद्दल लिहितेय. वय 81, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त. मेंदूत मोठा रक्तस्राव, 19 दिवस व्हेंटिलेटर, किडन्याही गेलेल्या. मुलगी म्हणत होती, सगळं करा. मुलगा गप्प. डॉक्टरांनी सगळ्यांना बसवून विचारलं, “तुम्हाला काय वाटतं ते राहू दे. अण्णांना बोलता आलं असतं तर ते काय म्हणाले असते?”

कोपऱ्यातून आजी बोलल्या. “थोरले दीर नळ्या लावून वर्षभर पडून होते. त्यांना बघून आले की हे म्हणायचे, माझं असं करू नका गं.” 19 दिवसांत आजींना कुणी विचारलंच नव्हतं.

सन्मानाने मरण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्य केला, पण वाट इतकी किचकट होती की तिकडे फारसं कुणी फिरकेना. जानेवारी 2023 मध्ये ती सोपी झाली. आधी रुग्णालयाचं तीन डॉक्टरांचं मंडळ, मग दुसरं मंडळ, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला एक डॉक्टर. उपचार थांबवावेत का, यावर शक्यतो 48 तासांत मत द्यायचं. घरच्यांची संमती घ्यायची, न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं. लोकांना वाटतं, यात इंजेक्शन देऊन मारतात. तो आपल्याकडे गुन्हाच आहे. इथे फक्त आजाराला आड येणं थांबवायचं. हा रस्ता असताना घरच्यांच्या हातात डामाचा कागद आणि अंबू बॅग देणं मला आता सहन होत नाही.

दोन्ही मंडळांचं एकमत झालं, मुलीनेही सही केली. त्या दुपारी मी आधी मॉनिटरचे अलार्म बंद केले. मॉर्फिन सुरू होतं, धाप लागू नये म्हणून. घसा सक्शनने साफ केला, ब्लडप्रेशरचं औषध थांबवलं आणि डॉक्टरांनी नळी काढली. ती धरून ठेवणारी चिकटपट्टी मी त्याआधी तेल लावून हळूहळू सोडवली होती. गालांवर तिचे लाल वळ राहिले होते. आजींनी तुळशीचं पान ओठांवर ठेवलं आणि म्हणाल्या, “आत्ता यांचं तोंड दिसलं.”

मुलाने मला विचारलं, “मी काय करू?”

“काही नाही. बसा जवळ.”

आजींनी पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली काढून दिली. पुढची 40 मिनिटं तो दोन्ही हातांनी अण्णांच्या डोक्याला तेल चोळत होता.